उपकेंद्रे उभी राहिली. ती चालती ठेवण्याचा खर्च कोणाचा?

नवी दिल्ली : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या माध्यमातून प्राथमिक आरोग्यसेवेला ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान देण्याची शिफारस केली. आरोग्यासाठी ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंतच्या संस्थांना स्वतंत्र अनुदान देण्याचा वित्त आयोगाचा हा पहिलाच प्रयोग होता. त्याला समांतर म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ६४,१८० कोटी रुपयांचे पंतप्रधान आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू केले. त्याचीही मुदत २०२५-२६ पर्यंतचीच ठरवण्यात आली. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड एप्रिल २०२६ पासून सुरू होतो. ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या उभारणीसाठी एकाच वेळी खुले झालेले दोन मोठे स्रोत अशा रीतीने एकाच वळणावर येऊन ठेपतात.

या वळणावर विचारण्याचा प्रश्न किती इमारती उभ्या राहिल्या किंवा किती यंत्रे खरेदी झाली एवढ्यापुरता राहत नाही. उभ्या राहिलेल्या इमारतीतील दिवा, शीतपेटी, रक्ततपासणीचे यंत्र आणि औषधांची फळी यांचा दरवर्षीचा खर्च कोणाच्या हिशेबात धरलेला आहे, हा खरा प्रश्न आहे. आरोग्य केंद्र उभारणे ही एकदाच घडणारी घटना असते. ते चालवणे ही न संपणारी जबाबदारी असते. आपली निधीव्यवस्था पहिल्या कामासाठी बऱ्यापैकी सज्ज झाली आहे. दुसऱ्या कामासाठी मात्र ती अजूनही तुकड्यातुकड्यांनी चालते.

जाळे मोठे, अपेक्षा त्याहून मोठ्या

भोर समितीने १९४६ मध्ये आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाच्या आधाराने ती प्रत्यक्षात येऊ लागली. मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे निकष पुढे रूढ झाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ३१ मार्च २०२३ रोजी देशात १,६९,६१५ उपकेंद्रे आणि ३१,८८२ प्राथमिक आरोग्य केंद्रे होती.

दीर्घकाळ उपकेंद्राचे काम लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि कुटुंबकल्याण एवढ्यापुरते सीमित होते. आरोग्यसेविका आणि तिची पिशवी हेच त्याचे मुख्य साधन होते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने हे चित्र बदलायचे ठरवले. त्या वर्षी १४ एप्रिल रोजी छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे पहिल्या आरोग्यवर्धिनी केंद्राचे उद्घाटन झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये या केंद्रांचे नामकरण आयुष्मान आरोग्य मंदिर असे करण्यात आले. २०२५ च्या प्रारंभापर्यंत त्यांची संख्या पावणेदोन लाखांवर गेली.

नावाबरोबर अपेक्षाही वाढल्या. या योजनेत उपकेंद्राच्या पातळीवर १०५ औषधे आणि १४ तपासण्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर १७२ औषधे आणि ६३ तपासण्या उपलब्ध असाव्यात, असे अभिप्रेत आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, वृद्धांची शुश्रूषा आणि मानसिक आरोग्य या सेवाही आता गावाजवळ मिळाव्यात अशी रचना आहे. दिशा म्हणून ती निःसंशय योग्य आहे. परंतु दीर्घकालीन आजाराचा रुग्ण हा एकदा येऊन बरा होऊन जाणारा रुग्ण नसतो. रक्तदाबाची गोळी त्याला दर महिन्याला लागते आणि साखर तपासण्याची पट्टी दर भेटीला खर्ची पडते. सेवांची यादी वाढते, तेव्हा आवर्ती खर्चही तिच्याबरोबर कायमचा वाढतो.

पैसा येतो, पण वेगवेगळ्या वाटांनी

घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. अकराव्या अनुसूचीने आरोग्य केंद्रे आणि दवाखाने हा विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाटही मोकळी केली आहे. प्रत्यक्षात केंद्राला मिळणारा पैसा अनेक ओंजळींतून येतो. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन राज्याच्या अर्थसंकल्पातून होते. कंत्राटी कर्मचारी, कार्यक्रमांचा खर्च आणि अबंधित निधी हे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात. या अभियानाचा भार बहुतांश राज्यांत केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० असा, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत ९०:१० असा वाटला जातो. इमारत एखाद्या अभियानातून, यंत्र वित्त आयोगाच्या अनुदानातून, रुग्णवाहिका आमदार वा खासदार निधीतून आणि सौर पट्ट्या एखाद्या उद्योगसमूहाच्या सामाजिक दायित्व निधीतून, असेही अनेकदा घडते.

यातील प्रत्येक स्रोताचा कल दिसण्याजोग्या मालमत्तेकडे असतो. इमारतीचे उद्घाटन करता येते. ऑटोक्लेव्हच्या रबरी गॅस्केटचे करता येत नाही. वित्त आयोगाच्या अनुदानात ग्रामीण भागाचा वाटा ४३,९२८ कोटी रुपयांचा होता. त्यापैकी १६,३७७ कोटी रुपये निदान सुविधांसाठी, १५,१०५ कोटी उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रूपांतरासाठी, ७,१६७ कोटी स्वतःची इमारत नसलेल्या केंद्रांसाठी आणि ५,२७९ कोटी तालुका पातळीवरील सार्वजनिक आरोग्य कक्षांसाठी होते. निदान सुविधेला सर्वाधिक वाटा देणे हा विवेकी निर्णय होता. तथापि मुदतबद्ध अनुदानातून काही वर्षे तपासणीची रसायने घेता आली, तरी मुदत संपताच तो भार राज्याच्या नियमित अर्थसंकल्पावर येतो. ज्या राज्याने त्याची तरतूद आधीच केलेली नाही, त्या राज्यात यंत्र राहील आणि तपासणी थांबेल.

पैसा मंजूर होणे आणि तो केंद्रापर्यंत पोहोचणे यांतही अंतर आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील माता व बाल आरोग्यविषयक कामाचा लेखापरीक्षण अहवाल सादर केला. राज्यांच्या कोषागारांतून राज्य आरोग्य सोसायट्यांकडे निधी जाण्यास ५० ते २७१ दिवसांचा विलंब झाल्याचे त्यात नमूद होते. २७ राज्यांतील अखर्चित रक्कम २०११-१२ मधील ७,३७५ कोटी रुपयांवरून २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटींवर गेली होती. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांसाठी एकच नोडल संस्था आणि एकच बँक खाते ही पद्धत लागू झाल्याने पडून असलेल्या रकमांवर केंद्राची नजर राहू लागली. पण वर्षाच्या उत्तरार्धात हाती आलेला पैसा मार्चअखेरच्या खरेदीत संपतो, ही प्रवृत्ती केवळ खात्यांची संख्या घटवून मोडत नाही.

अखर्चित रकमेकडे बोट दाखवून, ‘आहे तोच पैसा खर्च होत नाही, मग अधिक कशाला?’ असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु पैसा न खर्चण्याचे एक मोठे कारण तो कोणत्या शीर्षाखाली आला यात दडलेले असते. तंत्रज्ञाचे पद रिक्त असताना यंत्रासाठी आलेली रक्कम पडून राहते, आणि त्याच वेळी दुरुस्तीसाठी लागणारी किरकोळ रक्कम मात्र कोणत्याच शीर्षात सापडत नाही. अशा वेळी निधीची विपुलता आणि टंचाई एकाच केंद्रात शेजारी शेजारी नांदतात.

यंत्र बंद पडते तेव्हा

उपकरणांच्या स्थितीचा सर्वांत व्यापक आढावा केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच घेतला होता. २९ राज्यांतील २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणे मोजण्यात आली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. राज्याराज्यांत त्यातील १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. सरासरी काढल्यास एका उपकरणाची किंमत सुमारे ६० हजार रुपये येते. म्हणजे बंद पडलेल्यांत केवळ महागडी क्ष-किरण यंत्रे नव्हती. नवजात बाळाला ऊब देणारे वॉर्मर, सक्शन यंत्र, प्राणवायू संच, सूक्ष्मदर्शक अशा नित्याच्या साधनांचाही समावेश असलेला हा साठा होता.

या आढाव्यानंतर २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू झाला. राज्यांनी एका सेवापुरवठादाराशी करार करावा, निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवता यावी आणि ठरलेल्या प्रमाणात उपकरणे चालू ठेवण्याची हमी पुरवठादाराने द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. ही हमी जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के आहे. दूरवरच्या केंद्रापर्यंत तंत्रज्ञ पोहोचायला वेळ लागतो, हे या उतरत्या भाजणीमागचे व्यावहारिक कारण समजण्याजोगे आहे. मात्र तिचा अर्थ दिवसांत मांडला की चित्र वेगळे दिसते. जिल्हा रुग्णालयातील उपकरण वर्षात सुमारे १८ दिवस बंद राहिले तरी करार पाळला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही मुभा ७३ दिवसांची होते. जिल्हा रुग्णालयात बहुधा दुसरे यंत्र असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते एकच असते. जिथे पर्याय नाही, तिथेच बंद राहण्याची सवलत सर्वाधिक आहे.

बिघाड हेच यंत्र निष्क्रिय राहण्याचे एकमेव कारण नाही. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात १७ राज्यांतील ३०.३९ कोटी रुपयांची ४२८ उपकरणे वापराविना पडून असल्याची नोंद आहे. त्यांत सोनोग्राफी, क्ष-किरण आणि ईसीजी यंत्रेही होती. डॉक्टर व प्रशिक्षित मनुष्यबळ नसणे आणि यंत्र बसवण्यास पुरेशी जागा नसणे ही त्याची कारणे दिली गेली. ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता २०२१-२२ मध्ये सुमारे ८० टक्के होती, हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. यंत्राची मागणी वरून ठरते आणि मनुष्यबळाची भरती वेगळ्या विभागात अडते. या दोन फायली एकमेकींना भेटतच नाहीत.

नव्या तंत्रज्ञानानेही हा प्रश्न सुटत नाही. त्याचे रूप फक्त बदलते. गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट हे क्षयरोग निदानाचे यंत्र बॅटरीवर चालते. ते लहान केंद्रातही ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. ग्रामीण केंद्राची गरज ओळखून घडवलेले ते साधन आहे. तरीही प्रत्येक तपासणीला नवी चिप लागते. चिप संपली की उत्तम यंत्रही टेबलावरची शोभेची वस्तू ठरते. खरेदीच्या निविदेत यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्व पुढील पाच-सात वर्षांच्या चिप, रसायने आणि सुट्या भागांच्या दराला दिले गेले, तरच अशा खरेदीचा उपयोग टिकतो.

विजेचा धडा छत्तीसगडचा

उपकरणांच्या चर्चेत वीज गृहीत धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक बँक आणि अन्य संस्थांसह जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, कमी व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जवळपास १०० कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे वीज एकतर नाही किंवा भरवशाची नाही. लसींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान सतत राखावे लागते, आणि प्रसूती रात्री होणार की दिवसा हे वीज मंडळाच्या वेळापत्रकावरून ठरत नाही.

छत्तीसगडने येथे एक उपयुक्त मार्ग दाखवला. राज्याच्या नवीकरणीय ऊर्जा विकास संस्थेने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेने २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौर संच नसलेल्या, विजेची टंचाई असलेल्या केंद्रांच्या तुलनेत सौर संच असलेल्या केंद्रांत दरमहा ५० टक्क्यांहून अधिक बाह्यरुग्ण आणि जवळपास दुप्पट प्रसूती झाल्याचे त्यात आढळले. या प्रयोगाचे मर्म केवळ पट्ट्यांत नव्हते. बसवणारी संस्था देखभालीसाठीही जबाबदार राहिली, ही त्यातील निर्णायक बाब होती. काही वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात. तो खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात न धरणाऱ्या प्रकल्पांची गत काय होते, हे देशभरातील बंद सौर पथदिव्यांकडे पाहिले तरी कळते.

औषधांची वही आणि गावाचा अधिकार

औषधपुरवठ्यात तामिळनाडूचे उदाहरण तीन दशके जुने आहे आणि अजूनही उपयुक्त आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने केंद्रीकृत खरेदी केली, पण मागणीचा अधिकार केंद्राकडे ठेवला. प्रत्येक आरोग्य संस्थेला बँकेच्या पासबुकासारखी एक वही दिली जाते. त्यात तिच्या वाट्याची रक्कम नोंदलेली असते आणि जिल्हा गोदामातून उचललेल्या औषधांची किंमत त्यातून वजा होते. जे औषध खपत नाही ते केंद्रावर लादले जात नाही, आणि साठा संपत आल्याचे गोदामाला वेळीच कळते. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना याच धर्तीवर स्वतंत्र महामंडळ उभारले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन जैव-औषध महामंडळाकडे देण्यात आले. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारी वाढल्यानंतर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. नवे प्राधिकरण किती स्वस्त दराने खरेदी करते यापेक्षा शेवटच्या उपकेंद्रातील फळी किती दिवस रिकामी राहते, यावर त्याचे यश मोजले गेले पाहिजे.

छोट्या खर्चाचा अधिकार स्थानिक पातळीवर असणे हा या व्यवस्थेचा दुसरा आधार आहे. ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ नंतर उपकेंद्राला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी देण्यास सुरुवात केली. आरोग्य मंदिरात रूपांतर झालेल्या उपकेंद्रासाठी ही रक्कम ५० हजार रुपये आहे. वाढ लक्षणीय दिसते, पण ती दिवसाला सुमारे १३७ रुपये भरते. ५,००० लोकसंख्येच्या हिशेबात माणशी वर्षाला दहा रुपये. स्वच्छता, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती यांचा भार त्यावरच पडतो. तोही हप्त्याहप्त्याने उशिरा आला, तर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्यसेविका स्वतःच्या खिशाला हात घालतात आणि ती रक्कम कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

नागालँडने २००२ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या समुदायीकरणाचा कायदा करून गाव आरोग्य समित्यांना उपकेंद्राचा निधी, देखरेख आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनावरही अधिकार दिला. या प्रयोगाला २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. प्रत्येक राज्यात हाच कायदा लागू पडेल असे नाही. परंतु केंद्र बंद असल्याची झळ ज्यांना बसते, त्यांच्याच हाती थोडा पैसा आणि थोडा अधिकार दिला तर दाराचे कुलूप लवकर उघडते, एवढे त्यातून निश्चितच दिसले.

पाटीवरचे नाव आणि आतला माणूस

केंद्र-राज्य संबंधांची झळही या केंद्रांना बसली आहे. पंजाबने आपल्या केंद्रांना ‘आम आदमी क्लिनिक’ हे नाव दिल्यानंतर आणि पश्चिम बंगालने केंद्राने ठरवलेले नाव व रंगसंगती न वापरल्यानंतर, आरोग्य अभियानाचा निधी रोखला गेल्यावरून वाद झाला. केंद्राची बाजू अशी की करारात मान्य केलेल्या अटी पाळल्याच पाहिजेत. राज्यांची बाजू अशी की त्यांचाही वाटा असलेल्या योजनेत पाटीवरून पैसा अडवणे अनाठायी आहे. दोन्ही बाजूंना आपापले तर्क आहेत. पण या वादात रोखला जाणारा निधी हाच कंत्राटी परिचारिकेच्या वेतनाचा आणि तपासणी पट्ट्यांचा निधी असतो. अटींचा भंग झाल्यास दंड कोणत्या घटकावर लावायचा आणि कोणत्या सेवा त्यातून वगळायच्या, याचा नियम आधीच ठरलेला असणे आवश्यक आहे.

मनुष्यबळाचा प्रश्नही याच आवर्ती खर्चाचा भाग आहे. आरोग्य अभियानातील कर्मचारी प्रामुख्याने कंत्राटी आहेत. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीसगड आणि महाराष्ट्रातील अशा कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासह अन्य मागण्यांसाठी काम बंद आंदोलन केले, तेव्हा ग्रामीण सेवांवर त्याचा थेट परिणाम झाला.

पुढील कसोटी

या सगळ्यात प्रगती झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी आरोग्यखर्च याच काळात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. तरीही २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत गाठायचे २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट दूरच आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची तरतूद २०२४-२५ च्या अर्थसंकल्पातील ३६,००० कोटी रुपयांवरून २०२५-२६ मध्ये सुमारे ३७,२२७ कोटी झाली. ही वाढ साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर आहे. सेवांची यादी आणि केंद्रांची संख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाशी ती जुळत नाही.

पुढील वर्षांचे अर्थसंकल्प वाचताना म्हणूनच मंजूर केंद्रांच्या संख्येबरोबर काही अन्य ओळी शोधाव्या लागतील. उपकरणांच्या देखभालीसाठी त्यांच्या किमतीच्या प्रमाणात स्वतंत्र लेखाशीर्ष आहे काय? मुदत संपणाऱ्या अनुदानांतून चालणाऱ्या तपासण्यांचा भार राज्याने आपल्या नियमित खर्चात घेतला आहे काय? प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपकरणे वर्षात किती दिवस बंद होती आणि कोणती औषधे किती दिवस नव्हती, हे केंद्रनिहाय प्रसिद्ध होते काय? अबंधित निधीचा पहिला हप्ता एप्रिल-मे महिन्यात खात्यावर जमा होतो काय?

या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर गेल्या पाच वर्षांतील गुंतवणूक पुढील पंधरा वर्षे फळ देईल. ती नकारार्थी असतील, तर दहा वर्षांनी याच इमारतींच्या नूतनीकरणासाठी नवे अभियान जाहीर होईल आणि त्याचेही स्वागतच होईल. दरम्यान, गावाजवळ उपकेंद्र असूनही साखर तपासण्यासाठी तालुक्याला जाणारा रुग्ण बसभाडे आणि बुडालेली मजुरी यांच्या रूपाने तोच खर्च उचलत राहील, जो अर्थसंकल्पाने आपल्या हिशेबात धरायला हवा होता.